गोधडीतला प्रोजेक्टर

खण्ण! स्वयंपाकघरात फुलपात्र पडलं आणि गोल गोल घरंगळत माझ्या दिवाणाला येऊन टेकलं. मित्रांनो, किती दिवसांनी माझ्याकडे कोणीतरी आलं! फुलपात्र का असेना.

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका लहानशा गावातल्या शाळेचा. पण राहतो मात्र रागिणीच्या घरी, दिवाणाच्या पेटीत, गोधडीत गुंडाळलेला.

जन्मलो कुठल्याशा दूरच्या कारखान्यात. आणलं मात्र मला या गावाने. शाळेच्या ललिता मॅडम घरोघर फिरल्या. तुरीचा हंगाम होता. घराघराने पायली-पायली तूर दिली, ती विकून मी आलो. नत्थुजींना शेत नव्हतं. ते म्हणाले, "तूर नाई माह्यापाशी. भिंत पांढरी करून देतो." आणि वर्गाच्या भिंतीला त्यांनी असा चुना दिला, की बघत राहावं.

पहिल्याच दिवशी त्या भिंतीवर मी समुद्र सोडला. पुढच्या पोरांनी पटकन पाय वर घेतले! दारातून नत्थुजी ओरडले, "अरे बाप्पा, माहा चुना धुवून नेते का काय हे पाणी!" सगळा वर्ग हसला. पोरं माझ्या उजेडात बोटं धरून हरणं नाचवायची. ते दिवस मी कसे विसरेन?

मग दसरा आला. नांगर, ट्रॅक्टर पुजतात तसं मलाही पाटावर बसवलं. शाळा समितीची अध्यक्ष म्हणून मान रागिणीचा. तिने मोठ्या मायेने कुंकू लावलं, ते नेमकं माझ्या भिंगावर! पुसलं तरी पुरतं निघेना. त्या दिवसापासून प्रत्येक चित्रात एक लाल डाग दिसू लागला. पोरांना गंमत वाटली. "चंद्राले कुंकू लागलं!" मोठी माणसं मात्र धास्तावली. साऱ्या गावाची वस्तू, आज डाग पडला, उद्या फुटली तर? आणि शाळेची खिडकी अशी, की मांजरही आत येईल. ठरलं, प्रोजेक्टर रागिणीच्या घरी, दिवाणाच्या पेटीत.

ललिता मॅडमची बदली झाली. नवे गुरुजी मला मागायला आले, तर रागिणी म्हणाली, "गावाले इचारा." गाव म्हणालं, "रागिणीले इचारा." गुरुजी तरी किती फेऱ्या घालणार?

आता मी फक्त दसऱ्याला बाहेर येतो. हार घालून घेतो आणि परत पेटीत. रागिणी वाईट नाही हो. डांबरगोळ्या बदलते, गोधडीला ऊन दाखवते. कधीकधी झोपलेल्या लेकराला थोपटावं तसं मला वरून थोपटते. पण पेटीत ओल धरते, मित्रांनो. माझ्या भिंगावर बुरशी चढू लागली आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. हाही पेटीतच गेला, तर मला पुन्हा काही दाखवता येणार नाही. मला जपा, पण थोडं झिजूही द्या. मला पोरांच्या बोटांची हरणं हवी आहेत.

फुलपात्र घ्यायला प्रणाली धावत आली. रागिणीची लेक, यंदाच शाळेत जाणार असलेली. वाकली, आणि तिने पेटीचं झाकण उघडलं. गोधडी बाजूला केली. उजेड!

"हात नोको लावू त्याले!" रागिणी कणकेच्या हातांनी धावली. "बिघडलं तं गाव काय म्हणन?"

"मी पाहूनच राहिली फक्त." प्रणालीने माझ्या भिंगावर फुंकर मारली. "आई, यानं समुद्र दाखवला होता ना? दादा सांगे."

"हो."

"मले काहून नाई दाखवला?"

रागिणी झाकण लावायला वाकली.

"आई, हा साऱ्या गावाचा हाय ना? मंग याच्यापाशी कोणीच काहून नाई?"

रागिणीने झाकण लावलं नाही, उघडंच ठेवलं.