काट्यावरची देवी

आत्माराम राऊताला आयुष्यात फार काही नको होतं. केळीची वाडी होती, घर होतं, तीनदा रंग मारलेला का होईना, पिकअप होता. हवा होता तो फक्त मान. गावदेवीच्या नव्या देवळात मूर्ती बसणार होती आणि मंडळाने ठरवलं होतं की ज्याच्या गाडीतून देवी गावात येईल, त्याच्या घरचा नारळ दरवर्षी जत्रेत पहिला फुटेल. राऊतांच्या दाराकडे असला मान कधी फिरकलाच नव्हता. त्यामुळे बैठकीत आत्मारामने दुसऱ्या कुणाला तोंडच उघडू दिलं नाही.

मूर्ती मनोरकडच्या कारागिराकडून सकाळीच उचलली. काळा पाषाण, आणि भोवती भाताच्या गोण्या, कारण प्रतिष्ठा होईपर्यंत देवी धान्यातच राहिली पाहिजे, असं भटजींनी बजावलेलं. शिरसाडपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे इंजिनाने राम म्हटला.

बूथवरून फोन केल्यावर शेजारच्या आळीतला कॉन्रॅड आपला पिकअप घेऊन धावत आला. भला माणूस. मूर्ती माझ्या गाडीत घेऊ, तासाभरात गावात पोचू, असं म्हणाला, आणि आत्मारामने मनातल्या मनात हिशेब मांडला. कॉन्रॅडच्या गाडीतून म्हणजे नारळ कुणाचा? एकदा बसवलेली देवी वाटेत हलवत नसतात, असं शास्त्र त्याने तिथल्या तिथे उभं केलं. त्यापेक्षा टोचन कर म्हणाला. मग दोर बांधला आणि वरात निघाली. पुढे कॉन्रॅड, मागे बंद गाडीच्या स्टीअरिंगवर आत्माराम, आणि त्याच्या पाठीशी देवी.

हायवेच्या वजनकाट्यावर दोघांना आत घेतलं. तिथल्या अधिकारी मॅडम वयाने लहान आणि आवाजाने त्याहून मऊ होत्या. टोचनच्या गाडीत माल चालत नाही, स्टीअरिंगवरचा माणूस सोडून गाडी रिकामी पाहिजे, एवढंच त्या म्हणाल्या.

"देवी म्हणजे माल नव्हे, मॅडम," आत्माराम तडकला.

"बरं. मग प्रवासी. मालाच्या गाडीत प्रवासी तर मुळीच चालत नाहीत, काका."

आता बोला! शेवटी देवी हा मालच आहे, असं आत्मारामला भर काट्यावर स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागलं. हमालांनी गोण्यांसकट तिला कॉन्रॅडच्या गाडीत चढवलं. आत्मारामही मागोमाग चढला आणि मूर्तीला मिठी मारून बसला. गाडी कुणाची का असेना, देवी आणली कुणी हे तर गावाला दिसेल! पण गाडी काट्यावर घेतली तर वजन जास्त. मॅडमनी आधी गोण्यांकडे पाहिलं, मग आत्मारामच्या पोटाकडे, आणि त्याला खाली उतरायला सांगितलं. तो उतरला नि वजन निमूटपणे नियमात बसलं. तसंही मागची गाडी धरायला कुणीतरी हवंच होतं.

टोचनला वेग बेताचाच. वसईला गावात पोचेपर्यंत आत्माराम देवीची पाठ बघत आला.

देवळाच्या उतारावर अख्खा गाव लोटला होता. ढोल वाजत होते. कॉन्रॅडच्या बॉनेटला हळदकुंकू लागलं, चाकांखाली लिंबं गेली, कॉन्रॅडच्या गळ्यात एवढा मोठा हार पडला. तो बिचारा परोपरीने सांगत होता, मान आत्मारामभाऊंचा, मी नुसता गाडीवाला. त्यावर मंडळाचे अध्यक्ष गहिवरले. माणसाने नम्र असावं तर असं, म्हणाले, आणि पहिला नारळ त्याच्याच हातात दिला.

हे सगळं आत्माराम मागच्या गाडीच्या काचेतून बघत होता. त्याला रडूच फुटायचं बाकी होतं. धावत जाऊन तो नारळ हिसकावून घ्यावा असं त्याला फार वाटलं. पण गाडी उतारावर, हँडब्रेक कधीपासून नावालाच, आणि दोर ढिला पडलेला. ब्रेकवर दाबून धरलेल्या पायाला कापरं भरलं होतं. चाकाला दगड लावा रे, म्हणून तो ओरडला, पण ढोलात ऐकतो कोण?

अखेर त्याची बायको शांता आरतीचं ताट घेऊन गर्दीतून मागे आली. खिडकीतून आत वाकून तिने त्याचा पाय पाहिला, पुढची गाडी पाहिली, आणि हळूच म्हणाली, "अहो, पाय उचलू नका हं. पुढे देवी आहे."