दुसरा तुकडा

कुठून आणलास, हे विचारायचं नाही. वाळवंटाकाठच्या अल्निफच्या डोंगरात खंदक खणणाऱ्यांची ही रीतच आहे. सख्ख्या भावालाही कुणी जागा विचारत नाही. म्हणून झाइदने पोत्यातून तो दगड काढून पुढ्यात ठेवला, तेव्हा अद्दीने तो दाराच्या उजेडात फिरवून पाहिला आणि एवढंच विचारलं, "आणि दुसरा?"

दगडात किडा होता. परदेशी गिऱ्हाइकं त्याला ट्रायलोबाइट म्हणतात, खणणारे नुसतं किडा म्हणतात. या डोंगरांच्या जागी समुद्र होता तेव्हाचा, अंगभर कवच घालून तळाच्या चिखलात सरपटणारा जीव. हातोड्याने दगड फुटतो तेव्हा किडाही मधोमध चिरतो आणि फुटल्या कडेवर त्याची काळी रेघ तेवढी दिसते. खणणारा तिथंच बसून दोन्ही तुकडे डिंकाने सांधतो, मगच घरी आणतो. झाइदने एकच आणला होता. पडला असेल खाली कुठेतरी, असं तो म्हणाला खरा, पण बघत होता चहाच्या पेल्याकडे.

"डोकं यात आहे, शेपूट त्यात असणार," अद्दी म्हणाला. "उद्या आण. शेपटीवाचून याला कोण विचारतो?"

"तुझं बरं आहे दादा. बसल्या जागी सगळं हवं."

"मी आलो तर माझ्या खोकल्यानेच पडेल तुझा डोंगर."

दोघं हसले. तूदाला, अद्दीच्या बायकोला, ते हसणं आवडलं नाही. देवाचं नाव घेऊन तिने दोघांपुढची रोटी सरकवली आणि असलं उंबऱ्यावर बोलू नका म्हणाली.

सकाळी झाइद गाढव घेऊन डोंगराकडे गेला आणि अद्दी हवेच्या दाबावर चालणारी सुई घेऊन कामाला बसला. तीस वर्षं तो हेच करत आला होता. दगड कणाकणाने उडवायचा आणि आतल्या जीवाला धक्का लागू द्यायचा नाही. त्या धुळीने त्याची छाती गेली होती, पण हात अजून देवाने दिले तसेच स्थिर होते.

दुपारपर्यंत डोळा वर आला. खसखशीएवढी भिंगं, ओळीने बसवलेली, एकेक मोजून घ्यावी अशी. अद्दीने सुई थांबवून हात जोडल्यासारखे छातीशी घेतले. डोळा दिसला की तो नेहमी असाच थांबे. आदमच्याही आधी, कुणी बघायला नव्हतं तेव्हा, देवाने हे इतकं निगुतीने घडवलं कुणासाठी?

डोंगराच्या पायथ्याच्या थरांत असे मोठे डोळे असत. वर चढत जावं तसे काही जातींचे डोळे लहान होत जात. अगदी वरच्या थरांत कपाळ सपाट असलेले, ठार आंधळे किडे सापडत. पिढ्यान्‌पिढ्या गढूळ काळोखात राहून त्यांना डोळ्यांची गरजच उरली नसावी, असं एका पाहुण्या प्राध्यापकाने त्याला सांगितलं होतं. त्याच्याही वर किडा म्हणून नव्हताच. कोरा दगड. तो दगड हातात आला की अद्दीला का कोण जाणे थंडी वाजे.

आणखी एखादी चीर आहे का ते पाहायला त्याने दगड उलटा केला आणि पाठीवर ओलं फडकं फिरवलं. पाणी लागताच धुळीखालून तांबूस डाग उमटले. तीन बोटांचे ठसे. त्यातली करंगळी आत वाकलेली.

ती करंगळी त्याच्या बापाची होती. पहारीखाली चेचून ती जन्मभर तशीच राहिली होती. खंदक पुढे डोंगराच्या पोटात शिरला, तेव्हा छत तोलायला बापाने मधे दगडाचा एक खांब राखला होता. त्यावर मेंदीने भरलेला हात टेकवून तो म्हणाला होता, हा माझा हात, याला कुणी हातोडा लावू नका.

हा दगड त्याच खांबाचा होता. आणि अद्दीने कालच सांगितलं होतं, दुसरा तुकडा आण.

तूदाला सांगायलाही तो थांबला नाही. दगड झोळीत टाकून निघाला. चढावर श्वास पुरेना. आठवडी बाजारात एक म्हातारा गवई डफावर यूनुस नबीचं आख्यान लावायचा. माशाच्या पोटातल्या काळोखातून मारलेली हाकही देव ऐकतो, असं तो घोळून घोळून गायचा आणि अद्दी दर वेळी डोळे पुसायचा. आज तेच शब्द पायांना लावून तो चढत होता. देवा, माझ्या भावाला पोटातून बाहेर काढ.

गाढव खंदकाजवळ नव्हतं. दावं ताणून ते लांब उभं होतं, कान मागे पाडून. आतून हातोड्याचे ठोके येत होते आणि दर ठोक्याला खंदकाच्या तोंडाच्या वरच्या कडेवरून चाळणीतून पीठ पडावं तशी माती झरत होती.

"झाइद, बाहेर ये!"

ठोके थांबले. "दादा? कशाला आलास? आता दिसेलच रेघ. दोन घाव उरलेत."

"खांब फोडतोयस तू."

 मग आवाज आला, हसू ओढून आणलेला. "एक बाजूच काढलीय. बाकी उभाय की अजून. बापाचा हात दणकट होता." आणि पुन्हा ठोका पडला.

अद्दीला आपला भाऊ ठाऊक होता. भीती घातली तर तो मुद्दाम आत बसेल. पण किड्याला ओरखडा गेला तर जेवणार नाही. त्याने झोळीतून दगड काढला. तो डोळा त्याच्याकडे बघत होता.

"तुझा किडा फोडतोय मी," तो ओरडला आणि दगड खंदकाच्या तोंडाशीच कातळावर आपटला.

तो आवाज कशाचा, हे खणणाऱ्याला सांगावं लागत नाही. झाइद शिव्या देत धावत बाहेर आला, भुवयांपर्यंत पांढरा. भावाला ढकलून तो तुकड्यांपाशी गुडघ्यांवर बसला. एक तुकडा उचलून तसाच धरून राहिला.

"दादा, शेपूट यातच आहे."

किडा अंगाची गुंडाळी करून मेला होता. संकट आलं की ते तसंच करत. शेपूट डोक्याखाली घट्ट दाबलेलं होतं. काठावरच्या रेघेने तीस वर्षांच्या नजरेलाही फसवलं होतं. दुसरा तुकडा कधी नव्हताच.

झाइद उठला. "हातोडा आत राहिला," म्हणून वळला. अद्दीने दोन्ही मुठींनी त्याचा झगा धरला.

"सोड. लहान पोर आहे का मी?"

"हो," अद्दी म्हणाला आणि सोडलं नाही.

ते तसेच झोंबत असताना माती झरायची थांबली. गाढवाने मान वर केली. मग पायांखालून एक हुंकार आला, खंदकाचं तोंड आत ओढल्यासारखं मिटलं आणि धुळीचा लोट दोघांवरून गेला.

धूळ बसली तेव्हा दोघं एकमेकांना धरून जमिनीवर बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन. पलीकडच्या खंदकातले हातोडे थांबले होते. कुणीतरी हाक दिली, किती जण आत? अद्दीने खोकत खोकत सांगितलं, कुणी नाही.

 मग पलीकडे एक हातोडा पुन्हा सुरू झाला. मग दुसरा.