कॉलरवरचा भुसा

दारातली तुती तोडली गेली असती तर हेडबाईंचा सगळा फायदाच होता. गॅलरीत सकाळचं ऊन आलं असतं, खालची गाडी रोज पुसावी लागली नसती, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून आपलं कोणी ऐकत नाही, ही तक्रारही एकदाची मिटली असती. म्हणून झाडांचे डॉक्टर गल्लीत शिरले तेव्हा बाई गाडीच्या टपावरून फिरवलेलं चिकट बोट पुराव्यासारखं उंच धरूनच उभ्या होत्या.

डॉक्टर म्हणजे पालिकेच्या बाग खात्यातले तपासनीस. पिशवीत लाकडी हातोडी, लांब तार, भिंग आणि दोन खडू. औषध द्यायच्या झाडाला पांढरी रेघ, तोडायच्या झाडाला लाल फुली. एकदा मारलेली फुली पुसायची नाही, हा नियम त्यांनीच घालून घेतलेला.

बाईंनी आरोपपत्र वाचलं. पानं काळी पडली आहेत, वरून चिकट काहीतरी गळतं, खोडावर मुंग्यांची रांग आहे. झाड सडलंय, मारा फुली.

डॉक्टरांनी एक पान तोडलं, अंगठा ओला करून घासला. काळं अंगठ्यावर आलं, खाली पान हिरवंगार.

"तोंडाला काजळी लागली म्हणून माणूस गेला असं म्हणतो का आपण, बाई?"

मग त्यांनी पान उलटं केलं. कापसाच्या बारीक गुठळ्यांसारखे पिठ्या ढेकूण शिरेला धरून बसले होते. ते रस पितात आणि चिकटा गाळतात. चिकट्यावर काळी बुरशी धरते, त्याच चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि ढेकणांची राखणही करतात. साबणाच्या पाण्याचे फवारे मारले आणि मुंग्यांची वाट अडवली की झाड पुढच्या बहाराला हसायला लागेल. एवढं सांगून त्यांनी पांढरी रेघ ओढली.

"काळ्या पानांना भिऊ नका," ते म्हणाले. "खोडातून भुसा पडायला लागला की मला हाक मारा. वरून सगळं हिरवं दिसतं, आणि आत खोडकिड्याने कारभार आटोपलेला असतो."

बाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. "आणि समोरची ती तुमची लाडकी? तिच्यावर कधी हातोडी वाजवलीत?"

"तिला काय धाड भरलीय?" डॉक्टर हसले.

समोरही तुतीच होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकाच जुडीतली दोन रोपं त्यांनी गल्लीच्या दोन बाजूंना लावली होती. या बाजूच्या झाडाला बाईंच्या तक्रारी मिळाल्या, त्या बाजूच्या झाडाला डॉक्टरांची पाठ. झाडाखाली बाक होतं, सकाळी त्यावर पोरं शाळेच्या बसची वाट बघत आणि दुपारी डॉक्टर खोडाला टेकून डबा खात. वहीत दरवर्षी तिच्यापुढे 'निरोगी' असं लिहीत, तेही बाकावर बसूनच. गावभर खोडं ठोकत हिंडणारा माणूस. पण टेकायच्या जागेला कोण ठोकून बघतो?

संध्याकाळी बायकोने दारातच त्यांचा शर्ट झटकला. हा तिचा रोजचा उद्योग आणि रोजचाच विनोद.

"दुसरीकडे सुतारकाम लागलंय वाटतं. पगार कुठे लपवता?"

या विनोदाला डॉक्टर रोज हसत. आज त्यांच्या हातात एक चप्पल तशीच राहिली. त्यांनी जमिनीवरून चिमूटभर भुसा उचलला, भिंगाखाली धरला. करवतीचा नव्हता. जाडसर, चावून टाकलेला.

"कधीपासून पडतोय हा?"

"थंडीपासून. तेव्हापासून तर विचारतेय मी."

दिवसभर शंभर झाडांखालून जातो, कुठूनही पडला असेल, असं ते पुटपुटले. बायकोने कॉलर उलटी करून दाखवली.

"अहो, चालताना पडला असता तर खांद्यावर पडला असता. हा मागे, कॉलरीच्या आत आहे. टेकून बसल्याशिवाय इथे पडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाकावर चढले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड खोडाकडे होतं. टेकून बसल्यावर डोकं येतं त्याच्या वर, फांद्या फुटतात तिथे, पाच भोकं होती. त्यांनी तार आत घातली. ती जात राहिली, जात राहिली, आणि मुठीशी येऊन थांबली. हातोडी मारली तर रिकाम्या डब्यावर मारल्यासारखी वाजली. वर पानं मात्र अशी तजेलदार, की दृष्ट काढावी.

निवृत्तीला सात महिने होते. वहीत आणखी एकदा 'निरोगी' लिहिलं असतं तर गावात विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. खाली दप्तरं घेऊन चार पोरं बसली होती. डॉक्टरांनी आधी त्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं. मग लाल खडू काढला. फुली एका झटक्यात मारायची त्यांची सवय होती. ही मारायला त्यांना वेळ लागला.

हेडबाई गॅलरीतून बघत होत्या. त्या खाली आल्या तेव्हा डॉक्टर टोमणा झेलायच्या तयारीने उभे राहिले.

"औषध नाही यावर?" बाईंनी विचारलं.

"होतं," डॉक्टर म्हणाले. "थंडीत."

चाळीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईने दाखवलेल्या बाई तिथूनच मागे वळल्या. घरात गेल्या, एक खुर्ची घेऊन आल्या आणि आपल्या तुतीखाली, गाडीशेजारी मांडली.

"दुपारी इथे बसत जा. चिकट आहे, पण भरीव आहे."

गुरुवारी झाड उतरवलं. बुंध्याच्या पोकळीत हात कोपरापर्यंत जात होता. वहीत कारणापुढे डॉक्टरांनी लिहिलं: खोडकिडा. तपासनिसाच्या लक्षात उशिरा आला.

सकाळचं ऊन खरं तर समोरचीच तुती अडवत होती; ती गेली आणि बाईंच्या गॅलरीत ते आपोआप आलं. पोरांचं बाक अलीकडे सरकवलं. डॉक्टरांना खुर्ची मिळाली, आणि जेवताना बाईंचं ऐकणारा माणूस बाईंना.

बायकोच्या हातात आता येतो तो शर्ट झटकून भागत नाही. भुसा फुंकरीने जायचा. चिकटा साबण लावून घासावा लागतो. फवारे चालू आहेत, पण ढेकूण बहारापर्यंत हटायचे नाहीत.

"आपला भुसाच बरा होता," ती म्हणते.

 त्या संध्याकाळची भुशाची चिमूट डॉक्टरांनी भिंगाच्या डबीत ठेवली आहे, हे तिला माहीत आहे. ती कॉलर उलटी करते, आणि भुसा शोधावा तशी एकदा बघून मग घासायला घेते.