हातचा हुरडा

"हा हाताने चोळलाय?" पुण्याहून आलेल्या बाईंनी पत्रावळीतला हुरडा बोटाने लांब सारला. आगटीपाशी बसलेल्या सारजाच्या तळहातांकडे बघून त्यांनी असं तोंड केलं, जणू ताटात पालच पडली होती.

सारजाचे तळहात काळे होते, हे खरं. गोवऱ्यांच्या आरातलं कणीस गरम असतानाच चोळावं लागतं, मग हात काळे होणारच. पण तो काळेपणा म्हणजे घाण, हे तिला साठीला येऊन कळलं.

सणसरच्या शिवारात बागायतदार राजवर्धनने शहरातल्या पाहुण्यांसाठी हुरडा पार्टी सुरू केली आणि तिला कामाला बोलावलं, तेव्हा तिला हसूच आलं होतं. थंडीत रानात बसून हुरडा चोळणं हे काय काम झालं? उभा जन्म तिने पौषाची वाट बघितली होती. घरची मेंढरं होती तेव्हाही आणि ती विकून नवरा तात्याबा दुसऱ्याच्या रानात राबायला लागला तेव्हाही. बांधावर आगटी पेटायची. ती कणीस चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि पहिली मूठ तात्याबाच्या ओंजळीत टाकायची. चोळणाराने शेवटी खायचं, असा त्यांच्यात रिवाजच होता.

बाईंनी तक्रार केली. राजवर्धन प्लॅस्टिकचे हातमोजे घेऊन आला. "मावशी, हे घाला. लोकांना किळस येती."

किळस! सारजाच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून ही माणसं फोटोसाठी उभ्या ज्वारीत शिरून ताटं मोडत होती. बांधावर लेकरांचे भरलेले डायपर पडले होते. एक बाप्या पाटाच्या पाण्यात बाटल्या गार करत बसला आणि शेवटी त्याच पाण्यात ओकला. निसर्गात मोकळं वाटतं म्हणे! एवढं मोकळं व्हायचं तर यांच्या घरी मोऱ्या नाहीत की काय? तिला शिसारी आली होती, पण तिची शिसारी कोण विचारतो?

तिने हातमोजे चढवले आणि आरातलं कणीस उचललं. पहिल्याच चोळणीला प्लॅस्टिक वितळून दाण्यांना चिकटलं आणि तिच्या कातडीलाही. सारजा हात झाडत उठली.

राजवर्धनने सुपातला हुरडा उकिरड्यावर ओतायला लावला. मग फ्रीजमधल्या पिशवीतला काढून गॅसवर गरम केला. बाईंनी तो चमच्याने खाल्ला आणि म्हणाल्या, असा स्वच्छ पाहिजे.

दिवस मावळताना सारजा पदरात चार कणसं घेऊन घरी आली. तात्याबाने अंगणात आगटी पेटवूनच ठेवली होती. भाजल्या हातांनी तिने कणीस चोळलं, फुंकर मारली. त्याने सवयीने ओंजळ पुढे केली.

सारजा उठली. आतून ताटली आणि चमचा घेऊन आली आणि मुठीतला हुरडा ताटलीत ओतून त्याच्यापुढे ठेवला.

"चमचा कशाला गं?"

"हात काळं हायती माजं."

"मग? कवा गोरं हुतं?"

एरवी ती खुदकन हसली असती. तात्याबाने चमचा बाजूला ठेवला आणि ओंजळ तशीच धरून बसला. सारजाने तळहात पदराला पुसले, उजेडात धरून बघितले आणि परत पुसले. ताटलीतला हुरडा निवत चालला होता.