डब्यातलं मीठ

घरी कोणी आलं की नागसेन चहा सांगायच्याही आधी त्याला मागच्या खोलीत नेई. मंडल कार्यालयातला हा कारकून एरवी तसा मुखदुर्बळ माणूस. पण त्या खोलीचं दार लोटलं की त्याला कंठ फुटे.

"या गुरुजी, पाहा आमच्या दीक्षाचं काम."

शेजारचे अमृतराव गुरुजी पाहत. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर पुढं, घट्ट झाकणांचे चार डबे. आत सशांचं खाणं, बोटाच्या पेराएवढ्या हिरवट गोळ्या. प्रत्येक डब्यात तव्यावर भाजलेल्या मिठाची छोटी बाटली, तिच्या तोंडाला मलमलचा तुकडा.

"सशासाठी एवढा थाट?" गुरुजी हसत.

"हसा. पण वास तर घ्या!" नागसेन पहिल्या डब्याचं झाकण काढी, मूठभर गोळ्या त्यांच्या नाकाशी नेई आणि मग ओल शोषायला मीठ कसं ठेवलं ते सांगत बसे. झाकण तेवढा वेळ खाली पडून राही.

गेल्या पावसाळ्यात घरचा भुऱ्या ससा बुरशी धरलेल्या गोळ्या खाऊन मेला होता. बुरशी कोणाला दिसलीच नाही. आता घरात टिकली ही एकच सशीण होती. नागसेनची लेक दीक्षा तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. यंदा तिनं पाऊस लागायच्या आधीच, तयार केल्याची तारीख विचारून, नागपूरहून ताज्या गोळ्यांचं पोतं बसनं मागवलं. नागसेनच्या कार्यालयातल्या सुरेंद्र आणि देवानंदकडंही ससे होते. त्यांचा वाटा त्यातच. "पावसाळाभर तुमच्या सशांच्या पोटात खराब गोळी जाणार नाही," असं तिनं दोघांना सांगितलं होतं. नागसेननं ते अख्ख्या कार्यालयाला सांगितलं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी सुरेंद्र पिशवी घेऊन आला. दीक्षानं आधी बाटल्या काढून तिरप्या केल्या. तीन बाटल्यांतलं मीठ वाळूसारखं सरकलं. पहिल्या डब्यातलं हललंच नाही. त्याचा खडा झाला होता.

"आई, हा डबा कोणी उघडला?"

"मी कायले उघडू? तुह्या धाकानं मी त्या खोलीत झाडूही जपून मारतो," भागीरथा म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नागसेन बंद पंख्याकडं पाहत होता.

"बाबा?"

"रोज नाही वं. पाहुणे आले तरच."

"आपल्याकडं पाहुणे रोजच येतात, बाबा!"

तिनं एक गोळी मोडून पाहिली. कटकन तुटायची ती दबली. सुरेंद्रनं वाकून वास घेतला. "मले तर ठीक वाटते."

नागसेनला वाटलं, पोरगी आता हो म्हणेल. बापाची लाज राहील, तिचाही शब्द राहील. कोणाला काय कळणार होतं?

"मागच्या वर्षीही ठीकच वाटलं होतं, काका," दीक्षा म्हणाली. "हा डबा ओलसर झाला. हा कोणाच्याच सशाला जाणार नाही. तुमचा वाटा या तीन डब्यांतून घ्या. खोट आमच्या वाट्याला."

"मंग तुमची टिकली काय खाईन?"

"वाळलेलं गवत आहे, मेथी आहे. तिचं भागेल."

सुरेंद्रनं पिशवीचं तोंड उघडून धरलं. "नागसेनभाऊ, पुढच्या खेपेलेही आमचं खाणं हिलेच मागवू द्या. तुमी फक्त त्या खोलीत जाऊ नका."

भागीरथा पदर तोंडाशी धरून हसली. नागसेनचे कान तापले होते, पण छाती मात्र फुलली होती.

त्या गोळ्या दीक्षानं शेवग्याच्या बुडाशी पुरल्या. दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात, तिच्या पदवीदानाच्या फोटोशेजारी एक काचेची बरणी आली. तिच्यात बाजूला ठेवलेल्या मूठभर ओलसर गोळ्या आणि खडा झालेल्या मिठाची ती बाटली.

"ही तुमची, बाबा. कितीही उघडा."

संध्याकाळी देवानंद आपला वाटा न्यायला आला. नागसेननं चहाही सांगितला नाही. बरणी उचलून त्यानं ती बाटली देवानंदच्या डोळ्यांसमोर उलटी धरली.

"पाहा, पडते का मीठ? माही चोरी पकडली यानं. आमच्या दीक्षानं ठेवलेलं मीठ आहे हे!"