ऑक्टोपॅडचं बिल

मस्कतमधल्या एका मराठी मंडळाने आगरी-कोळी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि ऑक्टोपॅडवर कुंदनला बोलावलं, हे मिथुनला बुधवारी संध्याकाळी तुर्भ्याच्या गोदामातून घरी आल्यावर कळलं. जुहूगावात तोवर ते बाकी सगळ्यांना माहीत झालं होतं.

कुंदन मिथुनचा आतेभाऊ, बारा वर्षांनी लहान. हळदीच्या मांडवात मागे बसवून त्याच्या हातात पहिल्यांदा काठ्या दिल्या त्या मिथुननेच. आता दोघे नमिताच्या गाण्याच्या पार्टीत मिथुनच्याच ऑक्टोपॅडवर आळीपाळीने वाजवत. गाणारी नमिता, सुपाऱ्या घेणारीही तीच. मिथुनने विचारलं तेव्हा तिने आडवळण घेतलं नाही. मंडळाच्या लोकांनी मोबाइलवर दिवाळेगावच्या हळदीचा व्हिडिओ पाहिला होता. त्यात कुंदन उभ्याने वाजवतो, मध्येच काठी हवेत फेकून झेलतो. त्यांना तोच हवा होता.

मिथुनने तो व्हिडिओ त्या रात्री जेवणाआधी चार वेळा लावला. चौथ्या वेळी मोबाइल पालथा ठेवून नुसता ऐकला. चेहरा कुंदनचा होता, आवाज मिथुनच्या मशीनचा.

ऑक्टोपॅड म्हणजे काठीने वाजवायचे आठ रबरी चौकोन. कुठल्या चौकोनातून कुठला आवाज निघावा, हे वाजवणारा आत भरून ठेवतो. त्याला टोन म्हणतात. मिथुनने आपले टोन सहा वर्षं एकेक करून बनवले होते. त्यातला पितळी थाळीचा खणका तर घरच्याच थाळीचा होता. तो नीट बसेपर्यंत स्नेहलने, म्हणजे त्याच्या बायकोने, आठवडाभर स्टीलच्या ताटात वाढलं होतं. पार्टीवाल्यांत एक रीत आहे. मशीन मागता येतं, टोन मागायचे नाहीत. पेनड्राइव्हवर ते दोन मिनिटांत उतरतात, पण मागायला कुणी तोंड उघडत नाही.

म्हणून गुरुवारी कुंदन आला तो मशीन मागायला. मस्कतला भाड्याने मशीन मिळत होतं, पण त्यात कंपनीचे कोरे टोन.

"दादा, तुजा मशीन नेऊ? जिवापाड सांबालीन."

मिथुनला नाही म्हणायचं होतं. पण कुंदनबरोबर सरस्वतीआत्याही आली होती आणि सोफ्यावर बसून स्नेहलला मुलाच्या नव्या जॅकेटबद्दल सांगत होती. तिच्यासमोर नाही म्हणणं जमलं नाही.

"ने," तो म्हणाला. "पन कस्टमचा कागद काढाया लागंल."

कुंदनला यातलं काही ठाऊक नव्हतं. मिथुनला सगळं ठाऊक होतं, कारण आठ वर्षांपूर्वी दुबईचा एक दौरा ठरून रद्द झाला होता आणि तेव्हा त्याने सगळी चौकशी केली होती. महागडी वस्तू परदेशातून आणली की ती तिथेच घेतली असं समजून कर लावू शकतात. म्हणून जातानाच, सामान देण्याआधी, कस्टमच्या टेबलावर वस्तू उघडून दाखवायची, तिचा नंबर कागदावर चढवून शिक्का घ्यायचा आणि परतल्यावर तो कागद पुढे करायचा. सोबत बिल असलेलं बरं. हे समजावताना मिथुनला बरं वाटलं. निदान एवढं तरी कुंदनपेक्षा त्याला जास्त येत होतं. त्याचा स्वतःचा पासपोर्ट कपाटात होता. त्यावर एकही शिक्का नव्हता.

स्नेहलने मशीनच्या कव्हरमधून बिल काढून दिलं. त्यावर हळदकुंकवाचे डाग होते. त्यांच्या घरी दसऱ्याला दोन मशीन पुजली जात: एक चालतं आणि एक बंद पडलेलं. बंद पडलेलं त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, एरवी माळ्यावर असायचं. ज्याने पहिली कमाई दिली ते फेकायचं नाही, अशी मिथुनच्या आईची ताकीद होती. पूजेला प्रत्येक मशीनखाली त्याचं बिल ठेवत. गेल्या दसऱ्यानंतर आवराआवर करताना बिलांची अदलाबदल झाली. ते कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

शनिवारी दुपारचं विमान होतं. नमिता आणि बाकीचे दुसऱ्या गाडीने पुढे गेले. कुंदनला आणि मशीनला मिथुनने आपल्या गाडीतून सहार विमानतळावर नेलं. आत्याने मशीनच्या बॅगेला काळा दोरा बांधला होता. कुंदन वाटभर बोलत होता: तिथे गरम असेल का, जॅकेट घालून वाजवता येईल का, मंडळवाले जेवायला काय देतील. खाडीपुलावर तो मध्येच म्हणाला, "दादा, टोन कोनाचे विचारला तर तुजा नाव सांगीन."

"नको सांगू."

"का?"

"माजा नाव सांगून तुना काय मिलनार हाय?"

कुंदन हसला. त्याला तो विनोद वाटला.

विमानतळाच्या दारापासून पुढे मिथुनला जाता येत नव्हतं. काचेतून त्याने कुंदनला पासपोर्ट दाखवून आत शिरताना पाहिलं. मग निघायचं सोडून तो चहा घेत तिथेच उभा राहिला. अर्ध्या तासाने फोन वाजला.

"दादा, साहेब बोलतान बिलावरचा नंबर येगला आनि मशीनवरचा येगला. दुसरा बिल हाय काय घरी? फोटो धाडला तरी चालंल."

मिथुनला पटकन उलगडा झाला. दसरा, माळा, जुन्या मशीनचं कव्हर. स्नेहल घरीच होती. स्टूल घेऊन ती माळ्यावर हात घालणार, फोटो काढणार, पाठवणार. पाच मिनिटं पुरे होती. फोनमध्ये कुंदनच्या मागे नमिताचा आवाज येत होता. ती कुणाला तरी फोटोसाठी जवळ सरकायला सांगत होती आणि सगळे हसत होते.

"नाय," मिथुन म्हणाला. "दुसरा बिल नाय."

"नक्की ना? वयनींना विचारतंस का येकदा?"

"बोललो ना, नाय म्हनून."

कुंदन मागे वळून कुणाशी तरी बोलला. मग त्याने सांगितलं की रांगेतला एक जण म्हणतोय, तसंच ने, येताना कोण बघतो. "पन येताना तुजा मशीन अडकला तर? नको दादा. मी परत देतो. दाराशी ये."

दारावर सुरक्षारक्षकाला विचारून कुंदनने बॅग कठड्यावरून पुढे केली. त्याचं जॅकेट घामाने पाठीला चिकटलं होतं. फुकटचा हेलपाटा पडला म्हणून त्याने मिथुनची माफी मागितली आणि घाईने आत गेला. मिथुनने मशीन मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला. मानखुर्दपर्यंत त्याला हलकं वाटत होतं.

घरी स्नेहलने काय झालं ते ऐकून घेतलं आणि स्टूल ओढलं. माळ्यावरून बिल काढायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने ते मिथुनसमोर धरलं.

"मना फोन का नाय केलास?"

"रेंज नव्हती."

"कुंदनचा फोन लागला ना तुना?"

मिथुनने टीव्ही लावला. स्नेहलने बिल ज्याचं त्याच्या कव्हरमध्ये घातलं आणि त्या दिवशी तो विषय पुन्हा काढला नाही.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम मोबाइलवर थेट दिसणार होता. सरस्वतीआत्याने तो टीव्हीला जोडून घेतला आणि शेजारपाजारचे पंधरा-वीस जण जमवले. मिथुन गेला, कारण गेला नसता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

पहिल्या गाण्याच्या चौथ्या मात्रेवरच त्याला हवं ते ऐकू आलं. ढोलकी पातळ होती, घुमारा नव्हता, थाळीच्या जागी टिकटिक होती. बाकीच्यांच्याही कानाला ते खटकण्याची तो वाट पाहत राहिला. दुसरं गाणं निम्मं झालं तरी कुणी काही बोललं नाही. तेव्हा त्याने शेजारी बसलेल्या वरदला कोपर मारलं. हा वरद पार्टीच्या स्पीकरची कामं करायचा, त्याला आवाजातलं कळत असे.

"आवाज बग. डबा वाजवल्यावानी लागतो."

"टीवीचा स्पीकर तसाच हाय रे," वरद म्हणाला आणि पुन्हा बघू लागला.

तिसऱ्या गाण्यात थाळीची जागा आली. कुंदनने तो चौकोन सोडूनच दिला. काठ्या वर उचलून त्याने नुसती आरोळी ठोकली. समोरच्या प्रेक्षकांनी तशीच आरोळी परत दिली. पुढच्या वेळी तो थांबायच्या आधीच ती आली. नऊवारीतल्या बायका खुर्च्या सरकवून नाचायला उठल्या. मिथुनने इतक्या वर्षांत त्या जागी कुणाला आरोळी देताना ऐकलं नव्हतं. तिथे थाळी वाजत असे, आणि लोक गप्प बसून ऐकत.

आत्याने पदराने डोळे पुसले. "तुजा मशीन नाय गेला ता बराच झाला, मिथुन," ती म्हणाली. "येवढा महाग, तुज्या जिवाला घोर लागला असता." ती ते मनापासून बोलली.

खोलीत कुणीतरी पेढे फिरवले. मिथुनने एक घेतला. आवाज पातळ होता, हे त्या खोलीत त्याला एकट्याला ऐकू येत होतं, आणि ते आणखी कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सोमवारी दुपारी नमिताचा मस्कतहून फोन आला. कार्यक्रमाला बहारीनच्या मंडळाचे दोघे आले होते. त्यांनी जानेवारीची तारीख दिली होती आणि कुंदनचं नाव घेऊन मागितलं होतं. मिथुन म्हणाला, छान झालं. बिल सापडलंय, या वेळी मशीन नेता येईल, असंही तो म्हणाला. हे आपण का बोललो, ते त्याला कळलं नाही.

"मशीन नको दादा," नमिता म्हणाली. "तिकडचाच चालतो. कागदाचा टेन्शनच नको. पन येक काम होता. त्याच तारखेला घनसोलीची हलद घेतलीय मी, कुंदनच्या नावावर. ती तू वाजवशील?"

गोदामात ट्रक मागे येत होता. त्याचा भोंगा बंद होईपर्यंत मिथुन थांबला. मग किती वाजता यायचं, एवढंच त्याने विचारलं.