अठरा सेकंद

"काका, पूर्ण रेकॉर्डिंग फक्त तुमच्या कॅमेऱ्यात आहे," तो म्हणाला. मी खुर्ची पुढे सरकवली, तरी तो उभाच राहिला.

तो आमच्याच गल्लीतला मोबाइलवाला. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात माझा व्हिडिओ त्यानेच टाकला होता. मी धरणाचे दरवाजे चालवतो; वीज गेली की दरवाजा चाक फिरवून हाताने उचलावा लागतो. चाकाचे चाळीस फेरे झाले की थांबायचे, साठपर्यंत मोजायचे. नाहीतर गिअर तापून दाते तुटतात. त्या थांब्यातले अठरा सेकंद त्याने टिपले आणि खाली लिहिले : 'गाव बुडतंय, साहेब हवा खातायत.' मी पाठमोरा होतो. माझ्या मुलानेही मला ओळखले नाही. एक शिवी जोडून त्याने तो व्हिडिओ पुढे पाठवला. चौकशीत मी निर्दोष ठरलो, तसे पत्रही आले. ते पत्र मात्र कोणी पुढे पाठवले नाही. मुलगा अजून माझ्या नजरेला नजर देत नाही.

यंदाच्या पुरात मोबाइलवाल्याची पाळी आली. पुलाखालून एक बाई वाहत चालली आहे आणि हा फोन धरून उभा आहे, असा कोणीतरी काढलेला तुकडा गावभर फिरला. लोकांनी दुकान फोडले, बायको माहेरी निघून गेली. पुढच्याच क्षणी त्याने फोन खिशात टाकून दोर फेकला होता, बाईला ओढून काढले होते. ते सारे धरणावरच्या माझ्या केबिनच्या, पुलाकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात होते. तिथले रेकॉर्डिंग सातव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आपोआप पुसले जाते. आज सातवा दिवस होता.

"पाय धरतो तुमचे."

"पाय नको. पेन ड्राइव्ह दे."

वीज सकाळपासून नव्हती; इन्व्हर्टरवर चालणाऱ्या संगणकावर मी रेकॉर्डिंग नीट मोजून कापले. त्याने तिथेच लावून पाहिले. दोराला हात लागण्याआधीच चित्र थांबले.

"काका, हे अर्धवट आहे."

"अठरा सेकंद आहेत. तुझ्याच मापाचे."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटे कमी होती. तेव्हा कुठे तो खुर्चीवर बसला. पूर्ण रेकॉर्डिंग त्याने पुन्हा मागितले नाही, मीही दिले नाही. पाच वाजून गेल्यावर तो उठला, खुर्ची होती तिथे नीट ठेवली आणि पायऱ्या उतरला.

वीज अजून आली नव्हती. मी चाकाला हात घातला. चाळीस फेरे झाले, थांबलो, मोजू लागलो. अठरावर आकडे अडले. पुन्हा एकपासून सुरुवात केली.